रिकामा स्टोव्ह

गुरुवारी सकाळी बाबांनी मिहीरचा पट्टा परत केला. मी तो त्यांच्या पलंगावर, त्या दिवशीच्या भाषणासाठी इस्त्री केलेल्या शर्टाशेजारी नीट गुंडाळून ठेवला होता. ते खोलीतून बाहेर आले तेव्हा शर्ट अंगात होता आणि पट्टा हातात, मेलेला सरडा उचलावा तसा दोन बोटांत धरलेला. "हा जावईबापूंना देऊन टाक," ते म्हणाले, "मला लागत नाही." इथे दोह्यातल्या अल नस्र भागातल्या एका शिंप्याकडून त्यांनी आपल्या सगळ्या पँटींना कमरेत इलास्टिक घालून घेतलं होतं. त्या चुण्यांवर शर्ट बाहेर सोडला की कुणाला काही दिसत नाही, असं ते मानायचे. नुपूर नाश्ता करता करता म्हणाली, "आजोबा, नो वन वेअर्स दॅट टु अ हॉटेल." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. बाबा म्हणाले, "तुझ्या शाळेच्या स्कर्टला काय आहे गं, बक्कल?" ती हसली, मीही हसले. म्हातारपणाचा हट्ट, असं मनाशी म्हणत मी पट्टा घेतला आणि तो हातातून निसटून बक्कल टेबलाच्या काचेवर आपटलं. माझे खांदे वर गेले. नेहमीसारखेच. क्षणभरच, पण मान आत ओढून घेतल्यासारखे. बाबांनी ते पाहिलं की नाही मला कळलं नाही. ते बूट घालायला वाकले होते. त्यांचा तो शेवटचा पूर्ण दिवस होता, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या सकाळी मी वेगळं काय केलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

हे खांद्यांचं मला लहानपणापासून आहे. विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये पुढचा माणूस पट्टा टाकतो तेव्हा, कुणी वर्गात खुर्ची मागे घेताना कमरेचं बक्कल खुर्चीला लागतं तेव्हा. लग्न झाल्यावर मिहीरने एकदा फार हळूच विचारलं होतं, वडील मारायचे का तुला? मी खरं तेच सांगितलं, की कधीच नाही, एक चापटसुद्धा नाही. त्याला ते पटलं, आणि तरीही तेव्हापासून तो बाथरूममध्ये जाऊन पट्टा काढतो. जे खरं होतं ते मी सांगितलं होतं. पण ते सगळं नव्हतं. बाबा फौजदार असताना आम्ही खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी राहायचो. पोलिसांची क्वार्टर्स ठाण्याच्या पाठीमागे होती आणि आमचं स्वयंपाकघर ठाण्याच्या मागच्या आवाराला लागून. मध्ये एक भिंत आणि एक खिडकी. काही संध्याकाळी आई अचानक उठायची, खिडकी लावून घ्यायची आणि स्टोव्ह पेटवायची. पंप मारून मारून तो भरभर वाजायला लागायचा, अख्खं स्वयंपाकघर त्या आवाजाने भरून जायचं. आणि वर काहीच नसायचं. ना चहाचं आधण, ना भाताचं पातेलं. निळ्या ज्योतीकडे बघत आई तिथेच उभी राहायची, हात पदरात गुंडाळून. मी तिच्या मागे पाटावर. स्टोव्हचा आवाज मोठा होता, पण इतका मोठा नव्हता. पट्ट्याचा आवाज एकदा हवेत येतो आणि एकदा अंगावर, आणि शेवटी तो खाली टाकला की फरशीवर बक्कल वाजतं. हे मला वाचायला येण्याच्या आधीपासून माहीत होतं. तो पट्टा कोणाच्या हातात असायचा, हे मात्र माहीत नव्हतं. ठाण्यात माणसं बरीच होती, हवालदार होते, शिपाई होते. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला खाकीचा आणि चहाचा वास यायचा आणि ते मला उचलून घ्यायचे. मी कधी विचारलं नाही. वय वाढत गेलं तसा तो प्रश्न लहान होईल असं वाटायचं, पण तो माझ्याबरोबर शिकत गेला, माझ्याबरोबर पुस्तकं वाचत गेला, आणि शेवटी माझ्याबरोबर दोह्यालाही आला.

इथे मी काय करते हे बाबांना बरीच वर्षं मी "ट्रेनिंग" एवढंच सांगितलं होतं. मॅनेजमेंटचं ट्रेनिंग. ते खोटं नव्हतं. आमची संस्था वेगवेगळ्या देशांतल्या पोलीस व्यवस्थापकांना, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, विभागाचे प्रमुख, अशा मधल्या फळीच्या माणसांना बोलावते आणि हिंसक गुन्हे कमी कसे करायचे, ठाणं चांगलं कसं चालवायचं, हे शिकवते. हिंसा शहरभर सारखी पसरलेली नसते. थोड्या गल्ल्या असतात, आठवड्यातले थोडे तास, थोडी माणसं. तिथे आधी पोचायचं, लोकांशी बोलायचं, शिपायांच्या ड्यूट्या त्या हिशेबाने लावायच्या. आणि एक भाग चौकशीचा आहे, तो मी स्वतः बांधला आहे. मारून मिळवलेली कबुली तपास कसा बिघडवते आणि गाव ठाण्यापासून कसं तोडते, यावर. हा भाग मी इतक्या वेळा शिकवला आहे की त्यातली वाक्यं झोपेतही म्हणता येतील, आणि तो शिकवताना मला घाम येतो हे फक्त हमजाला माहीत आहे. हमजा आमच्या कार्यक्रमाचा प्रमुख. आई गेल्यानंतर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि एकदा जेवायच्या टेबलावर पसरलेले माझे नकाशे त्यांनी पाहिले, लाल ठिपक्यांचे. "पोलिसांना? तू शिकवतेस?" एवढंच विचारून ते जेवत राहिले, आणि मग त्यांनी ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले की ठिपके छान आहेत, पण त्या ठिपक्यावर उभा राहणारा शिपाई घरी जाऊन झोपतो कधी तेही कुठेतरी असू दे. मी हो म्हटलं. ते अभ्यासक्रमात आधीपासून होतं, पण मी हो म्हटलं.

या वेळच्या तुकडीसाठी येणाऱ्या पाहुण्या वक्त्याचं विमान रद्द झालं, आणि हमजाला, तो आमच्याकडे जेवायला आला होता तेव्हाचे बाबा आठवले. निवृत्त सीनियर इन्स्पेक्टर, घरातच, दुसरं काय हवं. नाही म्हणायला माझ्याकडे सांगता येईल असं कारण नव्हतं. बाबांनी दोन दिवस तयारी केली, आरशासमोर इंग्रजी वाक्यं म्हणून पाहिली. मला ती भिंतीपलीकडून ऐकू येत होती. भिंतीपलीकडून त्यांचं ऐकणं मला नवं नव्हतं. गुरुवारी कॉर्निशच्या किनारी रस्त्यावरून गाडी जात होती तेव्हा ते समुद्राकडे बघत होते आणि मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. आज कुणीतरी कबुलीबद्दल विचारणार. प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. आणि बाबा त्याचं उत्तर देतील, कदाचित हसत देतील, जुने पोलीस देतात तसं, एखादा मजेदार किस्सा सांगितल्यासारखं. मग मला कळेल. मग संध्याकाळी एकाच टेबलावर बसून मला त्यांना पोळी वाढायची असेल.

सुरुवातीला ते वाईटच बोलले. कागदातून वाचत होते, एक हात कमरेला, पँट सावरत. हॉटेलच्या त्या सभागृहात एसी असा की लोक सूट घालूनही आखडून बसलेले. बाबा त्यांच्या जुन्या गावातल्या दारूच्या गल्लीबद्दल बोलत होते, बाजाराच्या दिवशी तिथे चाकू कसे निघायचे, त्यांनी ड्यूट्या कशा बदलल्या. दोघं-तिघं फोनमध्ये होते. मला हायसं वाटत होतं. कंटाळा चालेल, मी मनात म्हणत होते, कंटाळ्याने कुणी मरत नाही. मग मजीदने हात वर केला. दूरच्या एका देशातल्या मोठ्या ठाण्याचा प्रमुख, पोट सुटलेला, आठवडाभर सगळ्यांना हसवत असलेला माणूस. त्याने विचारलं की सर, हे सगळं ठीक आहे, पण तुमच्या काळात तुम्ही कबुली कशी मिळवायचात? वर्गात हलकंसं हसू पसरलं. एका धंद्यातली माणसं एकमेकांत हसतात तसं, उत्तर आधीच माहीत असलेलं. फोन खाली ठेवले गेले. मी चहाच्या थर्मासकडे बघत राहिले.

"मारून," बाबा म्हणाले. "पट्ट्याने. आमच्याकडे तेच चालायचं. आणि मी त्यात चांगला समजला जायचो." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "मग बंद केलं."

मजीद आता हसत नव्हता. का, असं त्याने विचारलं. बाबा छताकडे बघत बोलले, एसीच्या जाळीकडे. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यांचं इंग्रजी पोलिसी होतं, अहवालातलं, आणि त्यामुळे ते फार सरळ निघत होतं. "माझी मुलगी लहान होती. बालवाडीत. एक दिवस मी घरी येऊन युनिफॉर्म उतरवत होतो. पट्टा काढला, बक्कल वाजलं, आणि पोरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. असे." त्यांनी करून दाखवलं. पंच्याहत्तरीच्या आसपासचा माणूस, भर सभेत, दोन्ही तळवे टाळूवर, कोपरं पुढे. "मी तिला कधी हात लावला नव्हता. मग ती शिकली कुठे? तपास करायला हवा होता. आमचं घर ठाण्याच्या मागे. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, आणि हवालदाराला सांगितलं होतं की कोठडीचं दार नुसतं उघड आणि लाव. कडीसुद्धा ऐकू आली."

कडीसुद्धा. मला ती दुपार आठवत होती. अर्थाशिवाय आठवत होती, लहानपणचं पुष्कळसं आठवतं तशी. बाबा कधी नव्हे ते पूर्ण गणवेशात, बुटांसकट, स्वयंपाकघरात उभे होते आणि आई त्यांना बूट काढा म्हणाली नव्हती. ते खिडकीशी गेले. मग परत येऊन त्यांनी स्टोव्हच्या टाकीवर हात ठेवला, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. त्यानंतर कधीतरी बाबा ठाण्यातच कपडे बदलून साध्या कपड्यांत घरी यायला लागले. मला वाटलं होतं त्यांना बढती मिळाली. त्या साध्या पँटीही कमरेत सैल असायच्या आणि ते एका हाताने त्या सावरत चालायचे. शेजारच्या हवालदारणीने आईला विचारलं होतं, साहेबांना पट्टा मिळत नाही का गावात? आई म्हणाली होती, त्यांना काचतो. इतकी वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता, तो नसलेला पट्टा, आणि त्याच सकाळी मी तो गुंडाळून त्यांच्या पलंगावर ठेवला होता.

बाबा पुढे बोलत होते. कबुल्या कमी झाल्या. वरून शेरा आला की फौजदार मऊ पडला. पुढे पुढे बाजाराच्या आदल्या दिवशी बायका ठाण्यात यायला लागल्या, कुणाच्या पोराने चाकूला धार लावून आणली आहे ते सांगायला. आधी त्या ठाण्याच्या समोरून जाताना रस्ता ओलांडायच्या. "चाकू निघायच्या आधी मला कळायला लागलं, एवढंच," ते म्हणाले. "खून संपले नाहीत. कमी झाले." मग ते थांबले, आणि मला वाटलं झालं, पण झालं नव्हतं. "एक माणूस होता. त्याचा हात नंतर सरळ झाला नाही. मी त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही." आणि ते खाली बसले, पँट सावरत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मजीद आपल्या हातांकडे बघत होता. थोड्या वेळाने हमजा म्हणाला, चला, चहा घेऊ.

तेव्हा मला काय वाटलं ते मी पुष्कळदा नीट आठवून पाहिलं आहे, कारण दुःख वाटायला हवं होतं. उत्तर तर तेच आलं होतं, ज्याला मी जन्मभर भ्यायले होते. पट्टा त्यांच्याच हातात होता. आणि तरी मला सुटल्यासारखं वाटलं. इथे घरात एसी इतका सतत चालू असतो की तो वाजतो आहे हेच आपण विसरतो. मग एखाद्या दिवशी वीज जाते आणि अचानक कळतं की इतका वेळ आपण कशाच्या वरच्या पट्टीत बोलत होतो. तसं. ज्याच्या हाताबद्दल ते बोलले त्या माणसाला मात्र कसलीच सुटका नव्हती, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. थोडा रागही आला. जे मला सांगायचं ते त्यांनी मजीदला सांगितलं, परक्या भाषेत, परक्या देशात, हॉटेलातल्या पाण्याच्या बाटल्यांसमोर. पण पोलिसाच्या घरात असंच असतं. घरातली गोष्ट घरात कधी सांगत नाहीत.

परतताना आम्ही सूक वाकिफच्या जुन्या बाजाराच्या बाजूने आलो आणि त्यांच्या नेहमीच्या कडक चहाच्या दुकानापाशी थांबलो. इथली रीत अशी की गाडीतच बसायचं, हॉर्न वाजवायचा, आणि दुकानातला माणूस धावत येऊन ऑर्डर घेतो. बाबांना ती कधी पटली नाही. हॉर्न वाजवून माणसाला बोलवायचं, असं पुटपुटत ते स्वतः उतरले, उन्हात रांगेत उभे राहिले, आणि कागदी कप दोन्ही हातांत घेऊन आले तेव्हा पँट सावरायला हात उरला नव्हता. मी आतून दार उघडलं. इलास्टिक टिकलं, असं मी म्हटलं, आणि ते म्हणाले की शिंप्याला माझे आभार सांग, शुक्रन. मग काचेबाहेर बघत त्यांनी विचारलं, "बरं झालं का गं?"

सगळं तिथेच होतं. स्टोव्ह होता, खिडकी होती, पाट होता. तोंडात आलंही असेल. मी म्हणाले, "हो. वेळेत संपलं."

ते हसले. "वेळेत संपलं म्हणजे बरंच झालं," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

शुक्रवारी सुटी होती. जुम्म्याची अजान होऊन गेल्यावर मी त्यांना जेवायला उठवायला गेले. सकाळी चहा घेऊन ते पुन्हा पडले होते, आदल्या दिवशी बोलून थकल्यासारखे. ते कुशीवर होते, एक हात उशीखाली. मी हाक मारली, मग पायाला हात लावला, आणि त्या थंड पायानेच सांगितलं. मिहीरला बोलावलं, त्याने अँब्युलन्स बोलावली, आणि घरी मृत्यू झाला की इथे पोलीस येतात, तसे ते आले. तरुण अधिकारी होता, नुपूरपेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. मी ज्यांना शिकवते त्यांच्यातल्याच एखाद्याच्या हाताखालचा. हमजा बातमी कळताच आला होता, तो अरबीतून इंग्रजीत सांगत होता. अधिकाऱ्याने आधी पाणी प्यायला सांगितलं, मला, माझ्याच घरात. मग टोपी मांडीवर घेऊन तो बसला, आणि बसताना त्याच्या कमरेचं बक्कल लाकडी खुर्चीच्या हाताला लागलं. खणकन. मिहीरने चटकन माझ्याकडे पाहिलं. माझे खांदे जिथे होते तिथेच होते. मी त्यांची वाट पाहिली, खरंच पाहिली, पायरी चुकल्यावर पाय जमिनीची पाहतो तशी. काहीही झालं नाही. आवाज झाला आणि संपला, जगातल्या बाकी आवाजांसारखा.

तो विचारत होता ते सगळं नेमाचं होतं. शेवटचं कोणी पाहिलं, औषधं कोणती, आधी काही तक्रार. हळू विचारत होता, उत्तराला वेळ देत होता, आणि माझ्यातला शिकवणारा भाग दुरून ते बघत होता आणि बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत होता. मग त्याने विचारलं की त्यांच्याशी शेवटचं नीट बोलणं काय झालं. मी सांगितलं की काल त्यांनी विचारलं, बरं झालं का, आणि मी म्हटलं, वेळेत संपलं. हमजाने ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने मान हलवली. त्याला ते पुरेसं होतं. मला ते पुरेसं नव्हतं, आणि तेव्हा मला कळलं की बाबांचं सांगून झालं होतं, माझं राहिलं होतं. त्यांना वाटत होतं की मला ते आठवत नाही, की ते फक्त हातांना आठवतं, बालवाडीतल्या पोरीला काय आठवणार. ते त्याच समजुतीत गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी थांबवलं ते कुणाला कळलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

देह नाशिकला न्यायचा होता, आत्याकडची माणसं तिथे तयारीत होती. कागदपत्रं मिहीरने आणि हमजाने केली. रविवारी सकाळी इस्पितळाच्या शवागारात ओळख पटवायला मला बोलावलं. मिहीर म्हणाला, मी येऊ का आत? मी नको म्हटलं, आणि तो म्हणाला, मी दाराशीच आहे. आतल्या माणसाने चादर चेहऱ्यावरून खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि काय समजला कोण जाणे, तोही बाजूच्या खोलीत गेला. आत थंड होतं आणि कुठलं तरी यंत्र भरभर वाजत होतं. बाबांचे केस नीट विंचरलेले होते, भलत्याच बाजूला भांग पाडून. मी तो बोटांनी सरळ केला. त्यांच्या कपाळावर हात ठेवला, त्यांनी एकदा टाकीवर ठेवला होता तसा. मग मी मोठ्याने बोलले, त्या यंत्राच्या वर जाईल इतक्या मोठ्याने. दाराबाहेर मिहीरने ऐकलं असेल, ऐकू दे.

"बाबा, मला ऐकू यायचं. आई स्टोव्ह पेटवायची तरी यायचं. आणि मग एक दिवस यायचं बंद झालं. आई नुसता स्टोव्ह पेटवेनाशी झाली, खिडकी उघडी राहायला लागली. मी पाटावर बसून वाट बघायचे, आणि काही यायचं नाही. तुम्ही थांबलात ना, तेही मला ऐकू आलं होतं."